व्रणग्रंथि : शस्त्रामागून येणारें दुखणें

शस्त्रवैद्यानें टाके काढले कीं त्याचें काम संपलें, असा आपणां सर्वांचाच समज असतो. जखम भरली, पट्टी सुटली, रोगी चार पावलें चालला, कीं घरचीं माणसें देवापुढें साखर ठेवतात आणि तो विषय मिटतो. परंतु कांहीं शरीरें अशीं असतात कीं त्यांच्या बाबतींत खऱ्या कथेस येथूनच आरंभ होतो. भरलेल्या जखमेचा वण कांहीं महिन्यांनीं लाल होतो, खाजूं लागतो, टणक होतो. आणि जेथपर्यंत शस्त्र गेलें होतें ती सीमा ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेवर पसरूं लागतो. ह्या वाढीस पाश्चात्य वैद्यकांत कीलॉइड म्हणतात. छातीवर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर ती पुष्कळ आढळते. पायाच्या बोटांवर क्वचित्. पण तेथें ती झाली म्हणजे मोठी अडचण करते. छातीवरचा वण सदऱ्याखालीं झांकतां येतो. बोटावरचा वण जोड्यांत झांकतो खरा, परंतु त्या जोड्यांतच तो घासतो, घामानें भिजतो आणि पावलागणिक ठणकतो. दोन बोटांच्या बेचक्यांत तो वाढला तर बोटें एकमेकांपासून फांकतात, आणि जें बोट सरळ करण्याकरितां शस्त्र धरलें तेंच पुन्हां वांकडें होतें.

शस्त्रापासून उत्पन्न झालेला हा विकार केवळ शस्त्रानें जात नाहीं, ही गोष्ट वैद्यकास कळावयास फार दिवस लागले, आणि त्या शिक्षणाचा खर्च पुष्कळ रोग्यांच्या अंगावर पडला. त्या शिक्षणाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. बोटाची गोष्ट तिच्या अखेरीस येईल. कारण इतर ठिकाणीं जें जें शिकतां आलें तें तें ह्या अरुंद जागीं आणून वापरणें हें सर्वांत कठीण ठरलें आहे.

आपल्याकडील ग्रंथकारांस असा विकार अगदींच अपरिचित नव्हता. सुश्रुतानें ग्रंथींचे पांच प्रकार मानले. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत ते नऊ केले आणि त्यांतील एकास व्रणग्रंथि असें नांव दिलें. त्याच्या वर्णनाचा आशय असा : व्रण पुरता भरला नसतां किंवा नुकताच भरला असतां रोग्यानें पथ्य सोडलें, तो भाग ओला राहिला, त्यावर बंध नसला, किंवा दगड वगैरेंचा मार त्यास बसला, तर वायु तेथील दुष्ट रक्त सुकवून त्याची गांठ करतो, त्या गांठीची आग होते व तिला कंड सुटते. वायूची उपपत्ति आज कोणी मानो वा न मानो, पाहणाऱ्याची दृष्टि मात्र बारीक होती, हें कबूल केलें पाहिजे. कंड आणि आग ह्या तक्रारी घेऊनच ह्या विकाराचा रोगी आजहि वैद्याकडे येतो. ‘बंध नसला तर’ हे शब्दहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. विसाव्या शतकांतील एका उपचाराच्या वेळीं ते पुन्हां आठवतील. तथापि वाग्भटाची व्रणग्रंथि म्हणजे आजचा कीलॉइडच, असें ठाम विधान करण्यास आम्ही धजत नाहीं. जुन्या पोथ्यांत नवें शास्त्र शोधून काढण्याची जी हौस आपल्यांतील कित्येकांस आहे, तिनें पोथ्यांचें आणि शास्त्राचें दोहोंचेंहि नुकसानच होतें.

सुश्रुताविषयीं मात्र एक गोष्ट निःसंकोच सांगतां येईल. त्यानें व्रणावर जे साठ उपक्रम सांगितले, त्यांत वर आलेलें मांस खालीं बसविण्याचा अवसादन हा उपक्रम आहे. पांढरा पडलेला वण काळा करण्याचा आहे, आणि काळा पडलेला वण उजळ करण्याचाहि आहे. म्हणजे जखम भरणें आणि वण नीट होणें हीं दोन निराळीं कामें आहेत, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. पायांत खडा किंवा कांटा रुतून जें कुरूप होतें त्यास तो कदर म्हणतो, आणि तें कापून काढल्यावर त्या जागीं तापलेल्या तेलानें डाग द्यावा असें सांगतो. कुरूप आणि कीलॉइड हे विकार निराळे. परंतु पायावरची गांठ नुसती कापून थांबूं नये, कापल्यानंतर कांहीं करावें, हा विचार त्यांत स्पष्ट दिसतो.

कीलॉइड हें नांव मात्र पॅरिसचें. १७९० सालीं नोएल रेत्झ नांवाच्या फ्रेंच वैद्यानें अशा वाढीचें वर्णन केलें होतें. पण त्यानें दिलेलें नांव टिकलें नाहीं. टिकलें तें झां-लुई आलिबेर (१७६८–१८३७) ह्याचें. पॅरिसमधील सें-लुई रुग्णालय चौथ्या हेन्री राजानें १६०७ सालीं प्लेगच्या रोग्यांकरितां स्थापिलें, आणि १८०१ पासून तें त्वचारोगांचें रुग्णालय झालें. येथें आलिबेर काम करी. रुग्णालयाच्या बागेंत, झाडांखालीं, रोग्यांस समोर घेऊन तो विद्यार्थ्यांना शिकवी, आणि त्याच्या व्याख्यानांस वैद्यकाशीं कांहीं संबंध नसलेले लोकहि गर्दी करीत. १८०६ सालीं प्रसिद्ध होऊं लागलेल्या आपल्या सचित्र ग्रंथांत त्यानें ह्या वाढीस कर्करोगासारखी ह्या अर्थाचें ‘कांक्रॉइड’ असें नांव दिलें. पुढें त्याच्या ध्यानांत आलें कीं, ही वाढ कर्करोग नव्हे. तेव्हां दहा-अकरा वर्षांनीं त्यानें तें नांव मोडून ‘केलोइड’ हें नवें नांव योजिलें. ग्रीक भाषेंत ‘खेले’ म्हणजे खेकड्याची नांगी. वणाच्या कडांतून ज्या शाखा निरोगी त्वचेंत शिरतात, त्या त्यास नांग्यांसारख्या दिसल्या. गंमत अशी कीं, लॅटिन ‘कान्सर’ म्हणजेहि खेकडाच, आणि आपल्या कर्करोगांतील कर्क तोच. लॅटिन खेकडा हांकलून आलिबेरनें त्याच्या जागीं ग्रीक खेकडा आणून बसविला!

परंतु ह्या नामांतराचें महत्त्व केवळ शब्दांपुरतें नव्हतें. गांठ कर्करोगाची असेल तर ती कापलीच पाहिजे. ती तशी नाहीं असें ठरलें, म्हणजे ‘कापावी काय?’ हा प्रश्न प्रथमच मोकळेपणानें विचारतां येतो. एकोणिसाव्या शतकांतील शस्त्रवैद्यांस उत्तर लवकरच मिळालें. कापलेला कीलॉइड परत येतो आणि बहुधा पूर्वीपेक्षां मोठा होऊन येतो. आजच्या वैद्यकग्रंथांतहि, दुसरा कोणताच उपचार न करतां नुसतें कापलें तर शेंकडा ४५ पासून १०० पर्यंत रोग्यांत तो परत येतो, असे आंकडे दिलेले असतात. इतका अपेशी उपाय इतके दिवस चालूं राहिला, ह्याचें कारण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. गांठ दिसली कीं ती काढावी असें रोग्यासहि वाटतें आणि वैद्यासहि.

मध्यंतरीं नांवाचा आणखी एक घोंटाळा झाला. लंडनच्या गाय रुग्णालयांतील थॉमस ॲडिसन ह्यानें १८५४ सालीं आलिबेरचा कीलॉइड निराळा आणि ‘खरा कीलॉइड’ निराळा असा भेद केला. त्याचा तो खरा कीलॉइड म्हणजे त्वचा कठीण होण्याचा एक अगदीं वेगळा रोग होता, हें पुढें सिद्ध झालें. ॲडिसनसारख्या निष्णात पुरुषाची ही चूक निस्तरण्यांत कांहीं काळ गेला. दुसरा एक भेद मात्र खरा आहे आणि तो वाचकांनीं समजून घ्यावा. भाजल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांचा वण फुगतो. पण तो जखमेच्या मर्यादेंत राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत आपोआप बसतो. कीलॉइड मर्यादा सोडतो आणि सहसा आपण होऊन बसत नाहीं. जखम सांधतांना त्वचेंतील पेशी कोलॅजन नांवाच्या चिवट द्रव्याचे तंतु विणतात. सांधा पुरेसा झाला कीं विणणें मंदावतें आणि जुने तंतु मोडून नवे रचले जातात. कीलॉइडमध्यें विणणाऱ्यास थांबण्याची आज्ञा पोंचतच नाहीं.

ही आज्ञा कोणास पोंचत नाहीं? ह्या विषयावर एकोणिसाव्या शतकांत जें लिहिलें गेलें, त्यांत शास्त्र थोडें आणि वर्णद्वेष फार. काळ्या माणसाची त्वचाच हलक्या प्रतीची, असा त्याचा रोख असे. आफ्रिकेंतील अनेक जमाती मुद्दाम त्वचेवर छेद घेऊन उंचावलेल्या वणांची नक्षी अंगावर काढीत व तिला भूषण मानीत, हें त्या लेखकांस ठाऊक होतें. आणि अमेरिकेंतील गुलामांच्या पाठीवर जे वण होते त्यांची नक्षी कोणी काढली, हेंहि ठाऊक होतें. १८६३ च्या एप्रिलांत लुइझियाना प्रांतांतील बॅटन रूज येथें, मळ्यावरून पळून उत्तरेच्या सैन्याच्या छावणींत आलेल्या एका गुलामाचें छायाचित्र घेण्यांत आलें. कोठें त्याचें नांव गॉर्डन असें दिलें आहे, कोठें पीटर. तो पाठ वळवून बसला आहे, आणि चाबकाच्या फटक्यांपासून उठलेल्या कीलॉइडांचें जाळें मानेपासून कमरेपर्यंत पसरलें आहे. त्या वर्षीं ४ जुलै रोजीं ‘हार्पर्स वीकली’ ह्या पत्रांत त्यावरून केलेलें चित्र छापलें गेलें, आणि गुलामगिरीविरुद्ध लिहिलेल्या कित्येक ग्रंथांहून त्याचा परिणाम अधिक झाला. वैद्यकाच्या इतिहासांत हें चित्र क्वचितच दाखवितात. आमच्या मतें तें तेथेंहि असावें. कारण ज्या काळीं ‘ह्या लोकांस हे वण फार होतात’ असें वैद्य लिहीत होते, त्या काळीं त्यांच्या जखमा कोठून येतात हें विचारणें त्यांस सुचलें नव्हतें.

आज एवढें निश्चित आहे कीं, गडद वर्णाच्या लोकांत हा विकार अधिक आढळतो, पण तो गोऱ्यांसहि होतो. कित्येक कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. आणि दहा ते तीस ह्या वयांत त्याचा जोर विशेष असतो. आपल्या घरांतहि तो अनोळखी नाहीं. कान टोंचल्यानंतर पाळीमागें वाढत गेलेली गांठ, किंवा क्षयाची लस टोंचल्याच्या जागीं दंडावर राहिलेला जाड, खाजरा वण पुष्कळांनीं पाहिला असेल. त्यास वेगळें नांव द्यावें असें मात्र कोणास वाटलेलें नसतें.

शस्त्राला जोडीदार प्रथम मिळाला तो क्ष-किरणांचा. राँटगेननें हे किरण १८९५ सालीं शोधून काढले, आणि अकराच वर्षांनीं, १९०६ सालीं, द बर्मां आणि गूझरो ह्या फ्रेंच वैद्यांनीं कीलॉइडवर त्यांचा उपयोग प्रसिद्ध केला. मागोमाग रेडियम आलें. ह्या किरणांनीं वाढत्या पेशी मंदावतात; म्हणून गांठ कापून एक-दोन दिवसांच्या आंत त्या जागीं किरण दिले तर ती परत येण्याचा संभव पुष्कळ कमी होतो, असा अनुभव आला, आणि ही पद्धत आजहि प्रचारांत आहे. किरणांचे दुष्परिणाम ठाऊक नव्हते तोंवर त्यांचा वापर फार सढळ हातानें झाला. जुन्या काळीं सौम्य विकारांवर मुलांसहि किरण देत; आज तसें करण्यास कोणी सहजासहजीं तयार होत नाहीं.

ह्यानंतरचें प्रकरण हिरोशिमाचें. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं पडलेल्या बॉम्बच्या उष्णतेनें जे भाजले व जगले, त्यांच्या जखमा प्रथम भरल्यासारख्या दिसल्या. आणि नंतर, १९४६-४७ मध्यें, चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर जाड लालसर वण उठले. जपानी शस्त्रवैद्यांनीं कित्येकांचे वण कापले. ते पुन्हां वाढले. त्या वणांपैकीं खरे कीलॉइड किती आणि फुगलेले साधे वण किती, ह्याविषयीं पुढें वाद झाला, कारण पुष्कळ वण कालांतरानें आपोआप बसले. पण ज्या मुलींस घराबाहेर पडवेना त्यांस ह्या वादाचें काय? १९५५ सालीं तानिमोतो नांवाचे जपानी धर्मोपदेशक आणि नॉर्मन कझिन्स हे अमेरिकन संपादक ह्यांच्या खटपटीनें पंचवीस तरुणी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयांत आणल्या गेल्या. त्यांच्यावर शंभराहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. चिकटलेलीं बोटें सुटलीं, खेंचलेली मान वळूं लागली, मिटेनाशा झालेल्या पापण्या मिटूं लागल्या. १९५६ सालीं त्यांतील एक तरुणी शस्त्रक्रियेच्या वेळीं मरण पावली. तिचा जीव जखमेनें गेला नव्हता. वणावरच्या उपचारांत गेला. चेहरा पूर्ववत् करण्याचें वचन त्या शस्त्रवैद्यांनीं कोणास दिलें नाहीं. अवयव चालते करणें हें पहिलें आणि रूप नंतर, असा त्यांचा क्रम होता, आणि तो आम्हांस योग्य वाटतो.

खरें वळण त्यापूर्वींच, आणि अगदीं निराळ्या रोगाच्या निमित्तानें लागलें होतें. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें हेंच ह्यांनीं संधिवाताच्या रोग्यास कॉर्टिझोन दिलें, आणि १९५० सालीं त्यांस व त्यांच्या सहकाऱ्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या जातीचीं औषधें कोलॅजनची वाढ रोखतात हें लक्षांत आल्यावर तीं थेट वणांत टोंचण्याचा प्रघात पडला. १९६० नंतरच्या दशकांत ट्रायॲम्सिनोलोन हें त्यांतलें मुख्य ठरलें, आणि आजहि कीलॉइड झालेल्या रोग्यास बहुधा पहिल्यानें तेंच दिलें जातें : चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानें, एका मिलिलिटरमध्यें दहा ते चाळीस मिलिग्रॅम. खाज लवकर थांबते, गांठ मऊ पडते, सपाट होते. अधिक झालें तर त्वचा पातळ होते व तेथें पांढरा डाग पडतो. सांवळ्या अंगावर तो विशेष दिसतो.

दुसरी वाट बंधाची. १९७० च्या सुमारास टेक्सास प्रांतांतील गॅल्व्हेस्टन येथें भाजलेल्या मुलांच्या रुग्णालयांत असें आढळलें कीं, घट्ट लवचिक कपडा सतत घातला तर वण सपाट राहतात. दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या वीस-तीस मिलिमीटरइतका, आणि तो दिवसाचे तेवीस तास, महिनोन्‌महिने. वाग्भटाचे ते शब्द येथें आठवतात. पण त्यानें बंध किती वेळ व किती घट्ट बांधावा म्हणून सांगितलें नव्हतें, आणि उपचारांत सारें महत्त्व त्यालाच आहे. तिसरी वाट सिलिकोनच्या मऊ पट्टीची. १९८३ सालीं ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड येथून तिचे अनुभव प्रसिद्ध झाले. ती वणावर नुसती चिकटवून ठेवावयाची. तिच्यांत औषध नसतें. झांकलेल्या त्वचेंतील ओलावा उडत नाहीं ह्यामुळें गुण येत असावा, असें मानतात. द्रवरूप नायट्रोजननें गांठ गोठविण्याची आणि कर्करोगावरचीं कांहीं औषधें सुईनें गांठींत घालण्याचीहि पद्धत आहे. ह्यांपैकीं एकहि उपाय एकटा पुरत नाहीं. दोन-तीन एकत्र करावे लागतात.

आतां हे सर्व उपाय घेऊन पायाच्या बोटापाशीं यावें. सुई टोंचावी तर बोटावरची त्वचा हाडाशीं तट्ट बसलेली, आंत औषध मावत नाहीं, आणि वेदना इतकी कीं बोटाच्या मुळाशीं भूल दिल्याशिवाय पुष्कळांस ती सोसवत नाहीं. सिलिकोनची पट्टी घामानें सुटते. कानाच्या पाळीला दोहों बाजूंनीं चिमटा लावून दाब देतां येतो. बेचक्यांत तसा चिमटा बसत नाहीं, म्हणून बोटांमध्यें मऊ पाचर ठेवून वर लवचिक टोपण चढवावें लागतें, आणि तें घालून जोडा होत नाहीं. कापून त्वचेचें ठिगळ लावावें, तर ज्या मांडीवरून त्वचा घेतली तेथेंहि कीलॉइड उठण्याचें भय. किरण द्यावे, तर मुलाच्या बोटांतील हाडें अजून वाढावयाचीं असतात आणि किरणांनीं ती वाढ खुंटूं शकते.

आणि बोटांवर शस्त्र धरण्याचा प्रसंग बहुधा मुलांवरच येतो. जन्मतः जुळलेलीं बोटें सोडविणें, वांकडा अंगठा सरळ करणें हीं कामें लहानपणींच करतात. १९६३ सालीं रुबिनस्टाइन आणि टायबी ह्यांनीं जन्मजात व्यंगांच्या एका समूहाचें वर्णन केलें. त्यांत हाताचे व पायाचे अंगठे रुंद असतात, कधीं वांकडेहि असतात. आणि अशा मुलांस कीलॉइड होण्याचा कल असतो असें पुढें दिसून आलें. म्हणजे ज्याच्या अंगठ्यास शस्त्राची गरज, त्याचीच त्वचा शस्त्र सहन न करणारी. २००४ सालीं अमेरिकेंतील हातांच्या शस्त्रवैद्यांनीं आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध केलें. ज्या मुलांचीं बोटें जुळलेलीं असून जात्याच अवाढव्यहि असतात, त्यांच्यांत बोटें सोडविल्यावर कीलॉइड होण्याचा धोका विशेष असतो. आणि संधिवातावर देतात तें मेथोट्रेक्झेट अल्प प्रमाणांत दिलें असतां तो आवरतो असा त्यांचा प्राथमिक अनुभव होता. थोड्या रोग्यांवरून आलेला हा अनुभव आहे, आणि मेथोट्रेक्झेट हें मुलास सहज द्यावें असें औषध नव्हे. बोटांवरची प्रत्येक परतणारी गांठ कीलॉइडच असते असेंहि नाहीं. १९६५ सालीं सिडनीच्या रे ह्यांनीं लहान मुलांच्या बोटांवर होणाऱ्या व कापल्यावर पुन्हां येणाऱ्या एका वेगळ्याच तंतुमय गांठीचें वर्णन केलें आहे. ती पुष्कळदां कालांतरानें आपोआप विरते. म्हणून दुसऱ्यांदा कापण्यापूर्वीं गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें इष्ट असतें.

पायाचें दुसरें आणि तिसरें बोट जुळलेलें मूल इतर मुलांसारखेंच चालतें, धांवतें. तीं बोटें सोडवून त्याच्या चालण्यांत कांहीं सुधारत नाहीं. सुधारलें तर केवळ रूप, आणि वण वाढला तर तेंहि नाहीं. अशा ठिकाणीं बहुतेक जाणते शस्त्रवैद्य हात आवरतात, आणि आईबाप फार आग्रह करूं लागले तर पायाकडे पाहण्याचें सोडून त्यांच्याच कानांच्या पाळ्या आणि दंडावरचे लशीचे वण पाहूं लागतात.